फुकट सल्ल्याचा परवाना

सरकारी पाकीट आलं तेव्हा हॉलिस प्रुइट शेजारच्या मॉर्टन झेलनिकच्या एसीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. एसी बिघडलेला नव्हता. पण सुरू होताना त्यात एक बारीक टक् व्हायचं, आणि ते टक् नेमकं कुठून येतं हे कळल्याशिवाय हॉलिसला जेवण जात नव्हतं. चाळीस वर्षं त्याने दक्षिण फ्लोरिडातले एसी दुरुस्त केले होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी जे दिसेल ते उघडून बघायची खोड काही गेली नव्हती. दारू मात्र गेली होती. तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि जाताना ती काय काय घेऊन गेली हे तो दर मंगळवारी चर्चच्या हॉलमधल्या, दारू सोडलेल्यांच्या सभेत सांगत असे.

त्याची बायको डार्लीन पाकीट उन्हाला धरून, आत काय दिसतंय ते बघत आली.

"शेतीखात्याचं आहे," ती म्हणाली. "तू काय पेरलंस?"

"मी? टोमॅटोच्या दोन कुंड्या."

"त्यांना कळलं असेल मग. कीड पडलीय."

पत्र टोमॅटोबद्दल नव्हतं. या राज्यात गिऱ्हाइकाला कुणी फसवू नये ही जबाबदारी शेतीखात्याकडे आहे. पेट्रोलपंपाचं माप बरोबर आहे का, जत्रेतल्या पाळण्याचे खिळे घट्ट आहेत का, आणि फोनवरून माल विकणारा माणूस खरा आहे का, हे सगळं तेच बघतात. अलीकडे त्यात आणखी एक काम पडलं होतं: व्यसन सोडू पाहणाऱ्यांना फोनवरून उपचार केंद्राची वाट दाखवणाऱ्यांवर नजर ठेवणं. पत्रात लिहिलं होतं की श्री. प्रुइट अशी सेवा विनापरवाना चालवत असल्याचं निदर्शनास आलं आहे. एकवीस दिवसांत परवाना घ्यावा, नाहीतर सेवा बंद करावी.

सेवा म्हटल्याबरोबर हॉलिसची मान जरा ताठ झाली. त्याच्या सेवेचं मुख्य कार्यालय म्हणजे स्वयंपाकघरात पावाच्या डब्याशेजारी ठेवलेला एक जुना मोबाइल. जाहिरात विभाग म्हणजे डार्लीनने घरच्या प्रिंटरवर छापलेली दोनशे कार्डं. 'सोडायचंय? आधी आमच्याशी बोला. फुकट.' आणि खाली नंबर. ही कार्डं पैसे टाकून आपले कपडे आपण धुवायच्या लाँड्रीत, बसथांब्यावर आणि गळाला लावायची कोळंबी विकणाऱ्या दुकानांत चिकटवली होती. कर्मचारी तीन. हॉलिस, उंच जून आणि मासळी बॉब. तिघांनी मिळून बावीस वेळा उपचार घेतले होते, त्यामुळे कुठल्या केंद्रात खरोखरचा डॉक्टर असतो आणि कुठल्या केंद्रात नुसताच पोहण्याचा तलाव असतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. फोन आला की ऐकायचं, आणि चांगल्या जागी खाट आहे का विचारून द्यायचं. एवढीच ती सेवा. ती त्यांनी आठ महिन्यांपूर्वी सुरू केली होती.

"बंद करून टाक," डार्लीन म्हणाली. "नाहीतरी त्या फोनमुळे मला पावाच्या डब्यापाशी जाता येत नाही."

"आणि गुरुवारवाली?"



गुरुवारवाली म्हणजे एक तरुण बाई. गेले सहा गुरुवार ती दुपारी सव्वाचारला फोन करत होती. नंबर दिसत नसे. ती विचारायची, "जागा आहे का?" हॉलिस म्हणायचा, "आहे." मग ती गप्प. तोही गप्प. मागे कपडे धुण्याचं यंत्र फिरत असायचं. मिनिटभराने फोन ठेवला जायचा. तिसऱ्या गुरुवारपर्यंत हॉलिसला एवढं कळलं होतं की त्या यंत्राचं बेअरिंग गेलेलं आहे. तिच्याबद्दल मात्र त्याला काडीचंही कळलं नव्हतं.

"चारच तर लाँड्री आहेत गावात," डार्लीनने एकदा सुचवलं होतं. "जाऊन बघ कुठलं यंत्र खडखडतंय. तुला तर ऐकूनच कळेल."

"तसं करत नाहीत."

"का?"

"नाही करत."

हे डार्लीनला समजणं कठीण होतं, कारण ती कधी प्यालीच नव्हती. सभेत माणूस नुसत्या पहिल्या नावाने येतो. आडनाव कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. जे तो स्वतः सांगेल तेवढंच त्याचं. मासळी बॉबने स्वतःच्या मुलीच्या लग्नात केकवर डोकं ठेवून झोप काढली होती हे हॉलिसला माहीत होतं. उंच जूनने नवऱ्याची गाडी कालव्यात घालून वर विम्यासाठी रडून दाखवलं होतं, तेही माहीत होतं. अठरा वर्षं तो त्या दोघांना ओळखत होता आणि दोघांचीही आडनावं त्याला माहीत नव्हती. म्हणून गुरुवारवालीच्या बाबतीत तो वाट बघत होता. त्याच्याही बाबतीत एकेकाळी कुणीतरी वाट बघितली होती.

आता त्या वाट बघण्याला सरकारने तीन गुरुवार दिले होते. त्यानंतर ती फोन करील, आणि हा क्रमांक अस्तित्वात नाही असं एक यंत्र तिला सांगेल. तिचा नंबर हॉलिसकडे नव्हता. नाव नव्हतं. तिला सांगणार कोण?

पेलिकन पाम्स ही पंचावन्नपुढच्या लोकांची वसाहत आहे. तिथे कुणाच्याही दारात सरकारी पाकीट आलं की ते तासाभरात सगळ्यांचं होतं. संध्याकाळी पाण्याच्या व्यायामाच्या वेळी सगळे छातीपर्यंत पाण्यात उभे असताना हॉलिसचं प्रकरण चर्चेला आलं. मॉर्टन झेलनिकने सूत्रं हातात घेतली. तो न्यूयॉर्कच्या वाहन परवाना कचेरीत एकतीस वर्षं खिडकीमागे बसला होता आणि खिडकीपुढच्या माणसांबद्दल त्याची मतं पक्की होती.

"अर्ज पूर्ण भरायचा नाही," तो हात वर-खाली करत म्हणाला. "एक रकाना मोकळा सोडायचा. साधाच. अधिकाऱ्याला एक चूक सापडली की त्याचं समाधान होतं, मग तो पुढे बघत नाही. पूर्ण भरलेला अर्ज आला की मला संशय यायचा. मी असले अर्ज बाजूला ठेवायचो."

"किती दिवस?"

"ते माणसावर होतं."

मिग्दालिया पलीकडून पोहत आली. ती क्यूबाची, सत्तरीची, आणि सरकारमान्य नोटरी. तिचा शिक्का पोहायच्या पिशवीत, टॉवेलच्या घडीत असे. "त्याचं ऐकू नको, बाबा," ती म्हणाली. "शिक्का जितका जास्त तितकं बरं. मी प्रत्येक पानावर मारून देते. दोन्ही बाजूंनी."

हॉलिसने दोघांचंही ऐकलं. हीच त्याची पहिली चूक.

अर्ज चौदा पानी होता, आणि तो फोनवरून माल विकणाऱ्यांसाठी बनवलेला होता. पहिल्याच पानावर प्रश्न होता: आपण काय विकता? हॉलिसने 'काही नाही' असं भरलं. संगणकाने ते घेतलं नाही. त्याने शून्य भरलं, तेही घेतलं नाही. मोकळं सोडलं तर पुढचं पानच उघडेना. मॉर्टन खांद्यावरून वाकून म्हणाला, "सल्ला लिही." मग 'सल्ला' लिहिलं. त्याखाली विचारलं होतं की माल नापसंत पडल्यास परत घेण्याची सोय आहे का. हॉलिस बराच वेळ विचार करत बसला. त्याला हा प्रश्न मनापासून आवडला होता. आयुष्यात त्याने दिलेले किती सल्ले परत घ्यायला हवे होते, हे तो बोटांवर मोजू लागला.

"नाही लिही आणि पुढे चल," डार्लीन म्हणाली.

नवव्या पानावर विक्रीच्या वेळी बोलायचा मजकूर जोडायला सांगितलं होतं. असा मजकूर त्यांच्याकडे नव्हता. हॉलिसने प्रामाणिकपणे आठवून, जे खरोखर बोललं जातं ते लिहून काढलं: 'हॅलो, मी हॉलिस. (बराच वेळ शांतता.) हं. (शांतता.) किती दिवस झाले? (ऐकणे.) हं. आज काही खाल्लंस का?' हे त्याने स्वच्छ टाइप करून जोडलं, सगळा अर्ज छापून काढला, मिग्दालियाने दोन्ही बाजूंनी शिक्के मारले, आणि मॉर्टनच्या सल्ल्याप्रमाणे संगणकाने मोकळा सोडू दिलेला एकच रकाना, जन्मतारखेचा, तसाच ठेवून अर्ज टपालाने गेला.

चार दिवसांत तो परत आला. जन्मतारीख भरलेली नाही. मागच्या बाजूच्या शिक्क्यांमुळे पुढच्या बाजूचा मजकूर वाचता येत नाही. विक्रीचा मजकूर अपुरा आहे, शांततेचा कालावधी नमूद करावा.

"नवीन माणसं आलीत खात्यात," मॉर्टन गंभीरपणे म्हणाला. "यांना समाधान म्हणजे काय ते माहीत नाही."

पण खरी अडचण शेवटच्या ओळीत होती. फोनवर बोलणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचं संपूर्ण नाव, पत्ता आणि ओळखपत्र हवं होतं.

मंगळवारी सभा संपल्यावर कॉफीच्या टेबलापाशी हॉलिसने विषय काढला. आडनाव मागायचं म्हणजे त्याला भर रस्त्यात कपडे मागितल्यासारखं वाटत होतं.

"आडनाव?" उंच जूनने कप खाली ठेवला. "कोण मेलं?"

"कुणी नाही. अर्जात हवंय."

"हॉलिस, माझं पित्ताशय काढलं तेव्हा तू माझ्या उशाशी बसला होतास. तेव्हा तुला आडनाव लागलं नाही."

"तेव्हा मला आत सोडत नव्हते. मी सांगितलं, उंच जून. त्यांनी तीन खोल्या शोधल्या."

मासळी बॉबने खिशातून पेन काढलं, पुन्हा ठेवलं. "माझं आडनाव तसं बरंच माहितीतलं आहे," तो म्हणाला. "या भागात. चांगल्या अर्थाने नाही."

शेवटी तोडगा निघाला. दोघं आपली ओळखपत्रं थेट मिग्दालियाकडे देतील. ती नोटरी आहे, तिला गुप्तता ठेवता येते. ती अर्जावर नावं लिहील, तोवर हॉलिस तोंड फिरवून बसेल. तसंच झालं. हॉलिस तिच्या बैठकीत भिंतीकडे तोंड करून तिच्या नातवंडांचे फोटो बघत बसला आणि मागे पेन कुरकुरत राहिलं. काम अगदी व्यवस्थित झालं. मग मिग्दालियाने अर्ज पुढे सरकवला. सहीच्या वर छापलेलं होतं: वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला असून तो खरा आहे.

"सही कर," मिग्दालिया म्हणाली.

"मी वाचलेलं नाही."

"सगळेच तसं करतात, बाबा."

"मीही करायचो," हॉलिस म्हणाला. "प्यायचो तेव्हा."

एकोणीस वर्षांत त्याने खोट्यावर सही केली नव्हती. त्याने जूनला फोन केला, बॉबला फोन केला, दोघांची परवानगी घेतली, आणि मग डोळे बारीक करून ती दोन आडनावं वाचली. वाचून लगेच विसरायचा त्याने मनापासून प्रयत्न केला. त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या सभेत जून बोलायला उभी राहिली तेव्हा तिचं आडनाव उचकीसारखं त्याच्या घशात आलं आणि त्याला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं.

या सगळ्यात पहिला गुरुवार नेहमीसारखा गेला. जागा आहे का, आहे, शांतता, खडखड. दुसऱ्या गुरुवारी फोन आलाच नाही. हॉलिस सव्वाचारपासून सहापर्यंत पावाच्या डब्यासमोर उभा होता. डार्लीनने त्याला खुर्ची आणून दिली, ती तशीच रिकामी राहिली.

सोमवारी तपासणीला मिस वॉशबर्न आली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, कमरेला मोजपट्टी. सकाळी ती एका जत्रेतल्या पाळण्याचे खिळे तपासून आली होती, आणि त्याच नजरेने तिने हॉलिसचं स्वयंपाकघर बघितलं. पावाचा डबा बघितला, मोबाइल बघितला, रजिस्टर मागितलं. रजिस्टर म्हणजे डार्लीनच्या किराणा वहीची मागची पानं.

"मिस्टर प्रुइट, कुठल्याही केंद्राकडून तुम्हाला आजवर काही मिळालंय? रोख, भेट, सवलत, काहीही?"

"नाही." मग त्याच्या तोंडून सवयीने खरं निघालं. "एक केक."

मिस वॉशबर्नने पेन उघडलं.

सभेतली माणसं दारू सोडलेल्या दिवसाला वाढदिवस म्हणतात आणि त्या दिवशी केक कापतात, हे तिलाही माहीत होतं. हॉलिसच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला हिबिस्कस रस्त्यावरच्या केंद्रातल्या आचाऱ्याने नारळाचा तीन थरांचा केक पाठवला होता. त्या आचाऱ्याला मुळात हॉलिसनेच तिथे उपचाराला नेलं होतं.

"तुम्ही त्या केंद्रात माणसं पाठवता?"

"हो. चांगलं आहे ते."

"आणि त्यांनी तुम्हाला केक पाठवला."

असं शेजारी-शेजारी ठेवल्यावर ते फारच वाईट दिसत होतं. केक कुणी कुणी खाल्ला याची चौकशी झाली. डार्लीनने दोन तुकडे कबूल केले. मॉर्टनने, आपल्याला साखरेचा त्रास असल्यामुळे आपण फक्त वरचं क्रीम चाखलं, आणि तेही केक कुठून आला हे माहीत नसताना, असं लेखी दिलं. मिग्दालियाने त्याच्या निवेदनावर शिक्का मारला, आणि मग स्वतःच्याही.

"तेवढ्याच किमतीची वस्तू परत करा आणि पावती घ्या," मिस वॉशबर्न म्हणाली.

मंगळवारी डार्लीनने नारळाचा तीन थरांचा केक केला आणि हॉलिसने तो हिबिस्कस रस्त्यावर नेऊन पोचवला. आचाऱ्याने पावतीवर सही केली आणि त्याचे डोळे भरून आले. बुधवारी सकाळी वसाहतीच्या फाटकावर 'पाय' नावाचा लिंबाचा गोड पदार्थ येऊन पोचला, सोबत आभाराची चिठ्ठी. पहारेकऱ्याने तो हॉलिसच्या सांगण्यावरून परत पाठवला, आणि हॉलिसने फोनवर त्या बिचाऱ्या आचाऱ्याला सरकार, कायदा आणि मैदा यांचं नातं समजावून सांगितलं.

पण हे पुढचं. सोमवारी तपासणी आटोपून मिस वॉशबर्न वही मिटत होती, तेव्हा हॉलिसला राहवलं नाही.

"एक विचारू का? रागाने नाही. मला जाणून घ्यायचंय. केकचं एवढं काय आहे?"

तिने वही बाजूला ठेवली. मग खुर्ची ओढून बसली.

"केकचं काही नाही," ती म्हणाली. "एक मुलगी होती. बर्फाच्या मुलखातली. फोनवरच्या माणसाने तिला इथे आणलं, विमानाचं तिकीट देऊन. एका माणसामागे त्याला केंद्राकडून पैसे मिळायचे. तिच्या विम्यातले उपचाराचे दिवस संपत आले की तिला कुणीतरी बाटली आणून द्यायचं. पुन्हा प्यायली की पुन्हा नवी भरती, नवं केंद्र, त्याला नवे पैसे. वर्षात अकरा वेळा. त्या माणसाची फाइल मी वाचली. सुरुवात कशाने झाली होती माहितेय? ख्रिसमसला केंद्राकडून भेट आलेल्या हॅमने, डुकराच्या मांसाच्या एका तुकड्याने." ती उठली. "तेव्हापासून मी केकसुद्धा विचारते."

ती गेल्यावर हॉलिस बराच वेळ ते पत्र उलटसुलट करत राहिला. बंद एसी उघडल्यावर आत मेलेली पाल सापडावी तसं त्याला झालं होतं. इतके दिवस तो त्या कायद्याचा फक्त आवाज ऐकत होता. आत काय आहे ते आज दिसलं.

परवाना बुधवारी दुपारी आला. सोनेरी कडेचा, संपूर्ण नावानिशी. तो कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावणं बंधनकारक असल्यामुळे फ्रिजच्या वर, मुलीच्या पदवीदान समारंभाच्या फोटोशेजारी, टांगला गेला. सोबत एक मजकूर होता. प्रत्येक फोनच्या सुरुवातीला, समोरच्याने तोंड उघडण्याआधी, तो जसाच्या तसा वाचायचा होता:

'माझं नाव हॉलिस रेमंड प्रुइट. मी डॉक्टर नाही. ही सेवा कुठल्याही उपचार केंद्राची नाही. तुम्हाला कुठेही पाठवल्याबद्दल मला किंवा माझ्या सहकाऱ्यांना पैसे, भेट, सवलत किंवा अन्य कुठल्याही स्वरूपाचा मोबदला मिळत नाही. माझा परवाना क्रमांक पुढीलप्रमाणे...' आणि पुढे अकरा आकडे.

गुरुवारी सकाळपासून पाच फोन आले. बॉब मासळीबाजारात लिलाव पुकारायचा, त्याच चालीत त्याने मजकूर वाचला. समोरच्याला वाटलं चुकून पोलिसांना फोन लागला, त्याने माफी मागून ठेवला. जून परवाना क्रमांकाच्या आकड्यांत अडखळून रडायला लागली. एक गृहस्थ हॉलिसला मध्येच तोडून म्हणाले, "मला काही विकत घ्यायचं नाही, असले फोन करत जाऊ नका." आणि फोन त्यांनीच केला होता. पाचपैकी चार जण मजकूर संपायच्या आत गेले.

चार वाजले. डार्लीन भांडी पुसत होती.

"तिच्यापुरतं गाळ," ती म्हणाली. "कोण ऐकतंय? ती बिचारी एक शब्द बोलते. तिच्यावर हे चौदा पानी ओतलंस तर परत फोन करणार नाही."

हॉलिसलाही तसंच वाटत होतं. वाट बघून बघून एका माणसाला इथवर आणलं, आणि आता तिच्या कानात अकरा आकडे घालायचे? शिवाय आपलं आडनाव. या फोनवर तो ते कधी उच्चारला नव्हता. मजकुराचा कागद त्याने डब्याखाली सरकवला. मग बाहेर काढला. त्याखाली त्याची सही होती, आणि त्या सहीच्या वर, वाचून दाखवीन, असं होतं.

सव्वाचारला फोन वाजला. मागे खडखड.

"जागा आहे का?"

"थांब, बाळा," हॉलिस म्हणाला. "आधी मला एक वाचून दाखवायचंय. कायदा आहे. लांब आहे जरा." आणि त्याने वाचलं. सावकाश, एकेक शब्द, शेवटच्या आकड्यापर्यंत. मग तो थांबला.

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. यंत्र फिरत राहिलं.

"परत वाचा," ती म्हणाली.

त्याने परत वाचलं.

"ते मधलं. तुम्हाला काय मिळतं ते."

"मोबदला मिळत नाही. पैसे, भेट, सवलत—"

"ह्याआधी चार जणांना फोन केले मी. चार वेगळे नंबर. सगळे गोड बोलायचे. मला इथे आणणारा रिक होता. नुसता रिक. पुढे काय, ते कधी कळलंच नाही. तुमच्या कार्डावर नुसता नंबर. फोन उचलला की तुम्ही म्हणायचात, मी हॉलिस. मला दर वेळी वाटायचं, हा आणखी एक रिक."

हॉलिस खुर्चीवर बसला. आडनाव न विचारणं, न सांगणं, ही त्याच्या लेखी माणसाला दिलेली सगळ्यात मोठी सवलत होती. फोनच्या त्या टोकाला मात्र हॉलिस आणि रिक यांचा आवाज एकसारखाच येत होता, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"हे लिहिलेलं आहे कुठे?" तिने विचारलं.

"भिंतीवर आहे. माझ्या घरी. कुणालाही बघता येतं, तसा नियमच आहे."

तिने पत्ता विचारला. वीस मिनिटांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. "मिस्टर प्रुइट, एक मुलगी आलीय. हातात ओल्या कपड्यांची टोपली. नाव सांगत नाही. कुणाकडे म्हटलं तर हॉलिस रेमंड प्रुइट म्हणते, पूर्ण. मला वहीत नाव लागतं हो."

"माझी पाहुणी लिही."

"ते नाव नाही."

"आजपुरतं ते नाव आहे. सोड."

ती पंचविशीची असेल. टोपली तिने खाली ठेवली नाही. फ्रिजसमोर उभं राहून तिने परवाना वरपासून खालपर्यंत वाचला, सोनेरी कडेच्या आतली बारीक अक्षरंसुद्धा. हॉलिस आणि डार्लीन मागे शाळेतल्या पोरांसारखे उभे होते.

"हे रेमंड कोण?"

"माझ्या आईचे वडील."

ती राहत होती त्या, व्यसन सोडणाऱ्यांसाठीच्या घरात फोन काढून घेत, आणि फक्त कपडे धुवायच्या दिवशी तासभर देत. मागच्या गुरुवारी तोही दिला नव्हता. घर चालवणारा रिकच्या ओळखीचा होता. "हा कागद कुणी दिला तुम्हाला?" तिने विचारलं. हॉलिसने मिस वॉशबर्नचं कार्ड काढून दिलं. तिने ते वाचलं आणि खिशात घातलं. "हिला सांगते मी. आधी जागा."

हॉलिसने हिबिस्कस रस्त्यावर फोन लावला. खाट होती. गाडी तासाभरात पाठवतो म्हणाले. मग तिकडून विचारलं, "नाव?"

हॉलिसने फोनवर हात ठेवला. आजवर त्याने फोन करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न विचारला नव्हता. आताही विचारायची वेळ आली नाही.

"मार्लो जीन ओस्टगार्ड," ती म्हणाली, आणि टोपली खाली ठेवली.

त्याने ते तसंच, तिन्ही शब्द, फोनवर सांगितलं.

आता प्रश्न कपड्यांचा होता. तासाभरात गाडी येणार, आणि तिच्याजवळ होते नव्हते ते सगळे कपडे त्या टोपलीत, ओले. प्रुइटांचा ड्रायर तीन आठवड्यांपासून सुटा होऊन गॅरेजमध्ये पसरला होता, कारण त्यातून एक शीळ येत होती आणि ती कुठून येते हे हॉलिसला बघायचं होतं. डार्लीनने नवऱ्याकडे एकदाच बघितलं. मग ती दोरी घेऊन बाहेर गेली.

पेलिकन पाम्समध्ये बाहेर कपडे वाळत घालायला सक्त मनाई आहे. रुमालालासुद्धा दंड आहे. वसाहतीच्या समितीचा अध्यक्ष मॉर्टन झेलनिक. तो आपल्या अंगणातून ते बघत होता. दोरीचं एक टोक डार्लीनने स्वतःच्या खांबाला बांधलं, दुसऱ्याला काही सापडेना. मॉर्टन उठला, कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "इकडे दे. माझ्या एसीच्या कठड्याला बांधतो. तिथे गरम हवा येते, लवकर वाळतील."